'स्मृतिचित्रे'तील दुःख, हसू आणि ख्रिस्ती श्रद्धा

मराठी आत्मचरित्रवाङ्मयाचा विचार करताना लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. १९३४ मध्ये त्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला व उरलेले भाग पुढील दोन-तीन वर्षांत आले. अखेरचा भाग पुरा होण्यापूर्वीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाईंचे निधन झाले. तेव्हापासून आजवर या ग्रंथाविषयी जे लिहिले गेले त्यात 'प्रांजळ' आणि 'विनोदी' ही दोन विशेषणे हमखास आढळतात. दोन्ही यथार्थ आहेत. तथापि त्यांच्या आधारे समीक्षेने एक सोयीची विभागणी करून ठेवली आहे. विनोद हा लक्ष्मीबाईंचा स्वभाव, आणि ख्रिस्ती होणे ही त्यांच्या आयुष्यातील एक घटना. स्वभावाचे कौतुक करावयाचे आणि घटनेची नोंद घ्यावयाची, एवढ्यावर बहुतेक विवेचन थांबते. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

हा प्रश्न मला वर्गात भेटला. द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गाला या ग्रंथातील काही भाग शिकवीत असताना विद्यार्थी नेहमीप्रमाणे हसत होते. तास संपताना एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, इतकं सोसून ही बाई हसते कशी? की तिला हसावंच लागतं?" या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाला 'विनोदी स्वभाव' हे उत्तर पुरले असते. दुसऱ्या अर्ध्या भागाला ते पुरत नाही. सोसणाऱ्या स्त्रीच्या तोंडावरचे हसू आपल्या समाजाला फार आवडते, कारण ते पाहिले की सोसावयास लावणाऱ्यांची जबाबदारी हलकी होते. लक्ष्मीबाईंचे हसू त्या जातीचे आहे काय? आणि ख्रिस्ती श्रद्धेत 'दुःखातून आनंद' असे जे म्हटले जाते, ते तरी याहून वेगळे काही आहे काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करावयाचा आहे.

प्रथम ख्रिस्ती विचाराची बाजू थोडी स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी आपल्याकडे दोन ढोबळ समज रूढ आहेत. एक असा की येथे दुःख भोगले म्हणजे परलोकात त्याची भरपाई मिळते, आणि त्या भरपाईची आशा म्हणजेच आनंद. दुसरा असा की ख्रिस्ती धर्मात दुःखच पवित्र मानले आहे, म्हणून ते जितके अधिक तितके बरे. दोन्ही समजांना ख्रिस्ती समाजातील उपदेशकांनीच पुष्कळ खतपाणी घातले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नव्या कराराचे वाचन यांपैकी कोणत्याही समजाला सहजासहजी दुजोरा देत नाही. गेथशेमाने बागेत येशू दुःखाचा प्याला आपल्यापासून दूर व्हावा अशी प्रार्थना करतो. शरीरातील काटा निघून जावा म्हणून पौल तीन वेळा विनवणी करतो. दुःख हवेसे वाटणारी माणसे अशी प्रार्थना करीत नाहीत. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आनंदाचा उच्चार पुन्हा पुन्हा येतो आणि ते पत्र पौलाने बंदिवासात असताना लिहिले आहे. पण त्यात बंदिवासाची स्तुती नाही. आनंद आहे तो ज्यांना पत्र लिहिले त्या माणसांविषयीचा, त्यांच्या सहभागाविषयीचा.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील साखळी प्रसिद्ध आहे. संकटातून धीर, धीरातून कसास उतरलेले शील, शीलातून आशा, असा तिचा क्रम. मराठी भाषांतरांत 'संकट' किंवा 'क्लेश' असे शब्द जेथे येतात, तेथे मूळ ग्रीकमध्ये 'थ्लिप्सिस' हा शब्द आहे. त्याचा धात्वर्थ दाबणे, चेपणे असा. दाबाखाली वस्तू घट्ट होते किंवा फुटते. दाब स्वतः काही शिकवीत नाही. पौलाची साखळी म्हणजे दुःखाचा स्वभावधर्म नव्हे. श्रद्धेच्या संदर्भात दाबाचे काय होऊ शकते, एवढेच ती सांगते. जर्मन धर्मचिंतक डोरोथे सोले यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुःखविषयक ग्रंथात हा मुद्दा फार कठोरपणे मांडला. दुःख देवानेच शिक्षणासाठी पाठविले असे सांगणाऱ्या धर्मशास्त्रात एक क्रौर्य दडलेले असते, आणि ते निमूटपणे स्वीकारण्यास शिकविणारी भक्ती आत्मपीडनाकडे झुकते, असे त्यांचे म्हणणे आहे. वर्गातील त्या मुलीच्या प्रश्नात हाच संशय होता, फक्त तिला सोले ठाऊक नव्हत्या.

मराठी साहित्यशास्त्रात या प्रश्नाचे एक भावंड आहे. करुण रसापासून आनंद कसा होतो, हा वाद आपल्या अभ्यासक्रमांत पिढ्यानुपिढ्या शिकविला गेला. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना त्याच वादात उपयोगास येते. वाचक परक्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, पण आपले वेगळेपण पूर्णतः विसरत नाही, म्हणून परक्याचे दुःखही त्याला आस्वाद्य होते, असे ते उत्तर. परंतु या साऱ्या चर्चेत आनंद वाचकाचा आहे, सोसणाऱ्याचा नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा सोसणाऱ्याच्याच आनंदाविषयी आहे, आणि म्हणून तो अधिक अवघड व अधिक धोक्याचाही आहे. आत्मचरित्र हा प्रकार या दोहोंच्या मध्ये उभा राहतो. साठी ओलांडलेल्या लक्ष्मीबाई जेव्हा आपल्या विशी-तिशीतील हालअपेष्टा सांगतात, तेव्हा त्या सोसणाऱ्याही असतात आणि स्वतःच्या दुःखाच्या वाचकही असतात. त्यांच्या विनोदाचे श्रेय या कालांतराला द्यावे, असे कोणी म्हणेल. ते अंशतः मान्य आहे. पण कालांतराने सगळ्याच आठवणी हसऱ्या होत नाहीत. पोटची मुले गेली त्या आठवणींभोवती ही लेखणी हसू गुंडाळीत नाही. म्हणजे अंतर असूनही कशावर हसावे आणि कशावर हसू नये, याचा विवेक तेथे जागा आहे. हा विवेक कोठून आला, हेच पाहावयाचे आहे.

ग्रंथाच्या आरंभाकडे जाऊ. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या बंडानंतरच्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, असे त्या सांगतात. हे वेड मीठ-साखरदेखील धुवून घेण्यापर्यंत गेले होते. त्या घरातील बायकामुलांच्या वाट्याला जे आले ते छळाहून कमी नव्हते. लक्ष्मीबाई ते अशा रीतीने सांगतात की वाचक हसू लागतो, आणि धुतल्यावर मिठाचे काय राहत असेल हे ध्यानी आले की थांबतो.

या प्रकरणाची थोर विनोदी प्रकरणांत गणना होते. ती योग्यच आहे. पण सदर विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. येथे एका घरावर मोठे दुःख कोसळले, आणि त्या दुःखाने घराचे दार बंद करून घेतले. बाहेरचे काहीही आत येता कामा नये. जे येईल ते धुतले गेले पाहिजे. सत्तेच्या हातून झालेल्या मृत्यूचा विटाळ असा मीठ-साखरेपर्यंत पोहोचला. दुःख माणसाला आपोआप मोठे करते, ही समजूत खोटी ठरविण्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे. दुःखातून सोवळेही निपजते. लक्ष्मीबाईंनी हे तत्त्व म्हणून कोठे मांडलेले नाही. त्यांनी फक्त ते पहिल्याने सांगितले. पुढे जे घडते त्याचा अर्थ या पहिल्या घरावाचून लागत नाही, असे मला वाटते.

लग्न बालपणीच झाले. नारायण वामन टिळक हे कवी, विद्वान, उतावळे, तापट, हातात असेल ते देऊन टाकणारे आणि न सांगता घरातून निघून जाणारे. सासऱ्यांचा जाच होता, गरिबी होती, मुलांचे मृत्यू होते. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, ही हकीकत सर्वपरिचित आहे. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीची संमती त्यात नव्हती. त्यानंतरची साडेचार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने काढली, त्यांतील काही काळ पंढरपुरात. नवरा जिवंत आणि तरी नाही, अशी ही अवस्था होती. त्या काळच्या ब्राह्मण समाजात या अवस्थेला स्वतःचे नाव नव्हते. विधवेला निदान तेवढे होते.

अखेर त्या टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवून त्या एका घरात राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हा मधला काळ ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय, आणि आश्चर्य असे की समीक्षेने त्याच्याकडे सर्वांत कमी पाहिले आहे. पुढे जो बदल झाला त्याचा आरंभ येशूच्या दैवी स्वरूपाविषयीच्या एखाद्या निर्णयाने झाला नाही. तो पाण्यापासून झाला. जातिभेद देवाने केले की माणसाने, या प्रश्नावर त्यांचे मन एकदा खिळले आणि ते भेद माणसाचे आहेत असे त्यांना लख्ख पटले. मग कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९०० मध्ये बाप्तिस्मा झाला, पण वाचकाच्या दृष्टीने धर्मांतर आधीच झालेले असते. वडिलांच्या घरी लागलेली गाठ येथे सुटते. धुतलेल्या मिठाच्या घरातून आलेली मुलगी कोणाचेही पाणी पिऊ लागते, आणि तिला जे वाटते त्याला मोकळेपणा म्हणावे की आनंद, हा शब्दाचा प्रश्न आहे.

ख्रिस्ती आत्मकथनाच्या परंपरेत हे वेगळे आहे. ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'पासून या परंपरेचा एक साचा ठरून गेला. आधी अंधार, मग क्षण, मग प्रकाश. मराठीत बाबा पदमनजी यांच्या आत्मचरित्राचे 'अरुणोदय' हे नावच तो साचा सांगून टाकते. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेली साक्ष याच जातीची, मात्र तिच्यामागचे दुःख फार प्रचंड आहे. दुष्काळात आईवडील व बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पती गेले. आपणांस न संपणारा ठेवा लाभला, हे त्या निःशंकपणे सांगतात, आणि केडगाव येथे दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या रूपाने त्या बोलण्यामागे आयुष्य उभे आहे. रमाबाईंच्या आनंदाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण साक्ष या प्रकाराची स्वतःची एक सक्ती असते. पूर्वीचे सारे अंधारात ढकलल्याशिवाय नंतरचा प्रकाश दिसत नाही. 'स्मृतिचित्रे'त ही सक्ती नाही. ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या माणसांवर लक्ष्मीबाई जितक्या मायेने हसतात, तितक्याच मायेने नंतरच्या माणसांवर हसतात. टिळकांनी त्यांना इंग्रजी शिकविण्याचे जे प्रयत्न केले आणि ते जसे फसले, त्याची हकीकत अशी आहे की तिच्यात कोण ख्रिस्ती आणि कोण हिंदू हे विसरून जावे.

टिळकांची वाट निराळी होती, आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय लक्ष्मीबाईंची वाट नीट दिसत नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ते नुसते सौजन्याचे बोल नव्हते. 'अभंगांजली'तील रचनेचा घाट, ख्रिस्ताला माउली मानणारी आळवणी, देहदुःखाला भक्तीच्या जवळिकीचे निमित्त करण्याची रीत, हे सारे त्या पुलाची साक्ष देते. तुकारामांच्या चरित्रातही दुष्काळ, पहिल्या पत्नीचा मृत्यू आणि व्यापारातील दिवाळे आहे, आणि या आपत्तींबद्दल देवाचे आभार मानणारा त्यांचा अभंग प्रत्येक मराठी वाचकाला माहीत आहे. म्हणजे दुःखातून आनंद ही कल्पना मराठी मनाला मिशनऱ्यांनी शिकविली असे नव्हे. ती येथे होतीच. फरक आहे तो दुःखाने काय साधते यात. तुकारामांच्या त्या अभंगात आपत्ती प्रपंचाचे पाश तोडते. पाश तुटले म्हणून देव जवळ येतो. टिळकांच्या आयुष्याचा शेवटही याच दिशेने झाला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. संस्थाबद्ध, परदेशी पैशावर चालणाऱ्या ख्रिस्ती धर्माविरुद्धचे ते एक धीट पाऊल होते. पण संन्यासाच्या निर्णयाची किंमत घरात कोणी मोजली, हेही 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला कळते.

लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी दुःख पाश तोडीत नाही, उलट नवे पाश निर्माण करते. हाच मला या ग्रंथातील ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळानंतर टिळकांच्या घरात अनाथ मुले आली. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली. नगरच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, मुलासारखे राहिले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला आणि त्या घराला आणखी एक मृत्यू सोसावा लागला. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्यानंतरही लक्ष्मीबाईंचे घर आटोपशीर झाले नाही. मुलगा-सून, नातवंडे, कराचीचे वास्तव्य, तेथील नवी माणसे असे ते चालू राहते. प्रत्येक दुःखानंतर या बाईच्या पंगतीत पाने वाढत जातात. आनंद म्हणावयाचा तो हाच. तो दुःखाचे बक्षीस म्हणून वेगळा कोठून येत नाही. दुःखाच्या दारातून जी माणसे घरात शिरतात, त्यांच्या येण्याजाण्यात, खाण्यापिण्यात, त्यांच्या गमतीजमतीत तो असतो. म्हणून या ग्रंथातील बराचसा विनोद घरगुती गर्दीचा विनोद आहे. एकट्या माणसाचा विनोद, म्हणजे उपहास किंवा उपरोध, तेथे फार थोडा आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू शिष्यांना प्रसूतीचा दृष्टान्त देतो. वेणा देताना स्त्रीला क्लेश होतात, पण मूल झाल्यावर जगात एक माणूस जन्मले या आनंदाने तिला ते क्लेश आठवत नाहीत. येथे आनंदाचे कारण वेणांत नाही, नव्या माणसात आहे. लक्ष्मीबाईंच्या जीवनकथेला हा दृष्टान्त लागू पडतो, मात्र एका मोठ्या फरकाने. त्या विसरत नाहीत. ग्रंथाचे नावच 'स्मृती'ने सुरू होते.

यापुढे वर्गातील प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे वळले पाहिजे. लक्ष्मीबाईंना हसावेच लागत होते काय? हा आक्षेप हलका नाही. टिळकांच्या थोरवीला तडा जाऊ नये म्हणून पत्नीने आपले सोसणे विनोदात बुडविले, असे एखादी चिकित्सक वाचक म्हणू शकेल, आणि तसे म्हणण्यास जागा आहे. हा ग्रंथ चिरंजीव देवदत्त यांच्या पुढाकाराने सिद्ध झाला. ज्या वाचकवर्गासाठी तो प्रथम लिहिला गेला त्यात टिळकांना पूज्य मानणारे पुष्कळ होते. अशा परिस्थितीत पत्नीने उघड गाऱ्हाणे मांडले असते तर ते छापले गेले असते काय, ही शंका रास्त आहे.

तरीही मजकूर काय करतो ते पाहावे. विनोदाचा एक प्रकार दुःख झाकतो. दुसरा ते उघडे ठेवतो, फक्त त्याच्याकडे पाहणे शक्य करतो. टिळकांनी घरातील वस्तू कोणाला देऊन टाकली, न सांगता कोठे निघून गेले, रागाच्या भरात काय केले, या साऱ्याची नोंद लक्ष्मीबाई बारकाईने ठेवतात. त्यात काही वगळावे, असे त्यांना वाटलेले दिसत नाही. पूज्य पतीचे चरित्र लिहिणारी पतिव्रता एवढे तपशील देत नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ताटातुटीच्या त्या वर्षांचे समर्थन करण्याची घाई या ग्रंथात नाही. त्यातून शेवटी किती चांगले निघाले म्हणून ते योग्यच झाले, असा हिशेब लक्ष्मीबाई वाचकापुढे मांडीत नाहीत. श्रद्धेच्या नावाखाली अशी बेरीज-वजाबाकी करणे सोपे होते, आणि प्रवचनांत ती आजही होते. लक्ष्मीबाईंच्या हसण्याने टिळकांना क्षमा मिळते, पण निर्दोषत्व मिळत नाही. हिशेब मिटविला जात नाही. तो उघडा ठेवूनही त्या माणसाबरोबर जेवावयास बसता येते, एवढे त्या दाखवितात. क्षमेची ही कल्पना मला अनेक धर्मोपदेशांतील क्षमेपेक्षा अधिक ख्रिस्ती वाटते.

याला धर्मशास्त्रीय आधारही देता येईल. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू थोमाला आपल्या जखमा दाखवितो. मरणावर विजय मिळविलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. पुनरुत्थान हा ख्रिस्ती आनंदाचा पाया, पण ते जखमा पुसून टाकीत नाही. किंबहुना थोमाला ओळख पटते ती त्यांच्यामुळेच. प्रसूतीच्या दृष्टान्तात विसर आहे, येथे स्मरण आहे. ख्रिस्ती परंपरेत या दोन प्रतिमा शेजारी शेजारी राहिल्या आहेत, आणि सर्वसामान्य भक्तिवाङ्मयाने पहिली अधिक जवळ केली, कारण ती सुखद आहे. 'स्मृतिचित्रे' दुसरीच्या बाजूचा ग्रंथ आहे. त्यातील आनंदाला जखमेचा विसर पडावा लागत नाही.

येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. लक्ष्मीबाईंना धर्मचिंतक करून सोडण्याचा माझा हेतू नाही. अशा प्रयत्नाला त्यांनी स्वतः काय उत्तर दिले असते याची कल्पना त्यांच्या वाचकांना करता येईल. पंचरंगी शब्द वापरणाऱ्या माणसांविषयी त्यांना मुळात फारसा आदर नव्हता, असे पानापानावर जाणवते. माझे म्हणणे एवढेच की श्रद्धेचा विचार सिद्धान्तातच सापडतो असे नाही. तो घराच्या रचनेत, पाण्याच्या भांड्यात आणि कशावर हसावे याच्या निवडीतही सापडतो. मराठी विभागांतून हा ग्रंथ 'स्त्री-आत्मचरित्र' किंवा 'विनोद' या शीर्षकांखाली शिकविला जातो आणि त्यातील ख्रिस्ती आशय 'धार्मिक' म्हणून बाजूस ठेवला जातो. चर्चच्या वर्तुळात नेमके उलट होते. तेथे तो एका थोर भक्ताच्या पत्नीची साक्ष म्हणून वाचला जातो आणि त्यातील अवघड हसू गोड करून घेतले जाते. दोन्हीकडे अर्धाच ग्रंथ हाती लागतो.

आणखी एका कृतीचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण 'स्मृतिचित्रे'च्या तुलनेत तिच्याकडे जवळजवळ कोणी वळत नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूचे काव्यमय चरित्र लिहावयास घेतले होते. आरंभीचे अध्याय लिहून झाले आणि ते गेले. पुढील बहुतेक काव्य लक्ष्मीबाईंनी रचले. औपचारिक शिक्षण नाही, वय उतरणीचे, आणि हाती आलेला भाग म्हणजे येशूचे सार्वजनिक जीवन व त्याची दुःखसहनाकडे जाणारी वाट. मराठीत या विषयाला जुनी परंपरा होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले होते, आणि येशूच्या यातनांचे वर्णन हा त्यातीलही एक मोठा प्रसंग आहे. स्टीफन्स जेझुइट होते, पंडित होते. लक्ष्मीबाई त्याच कथेकडे आल्या त्या प्लेगच्या रुग्णांच्या उशाशी बसून, दुष्काळातील मुलांना जेवू घालून, नवऱ्याने टाकले असता गावोगाव नातलगांच्या घरी राहून. त्यांचे गद्य आपण शंभर वेळा वाचले आहे. या स्त्रीने क्रूसाच्या कथेत कोठे हात आखडता घेतला, कोठे ती रेंगाळली, क्रूसाखाली उभ्या असलेल्या बायकांना तिने किती जागा दिली, हे ओवी-ओवीने पाहण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांपुढे आहे. पुढील वर्षी निदान तिच्यातील एक अध्याय 'स्मृतिचित्रे'च्या जोडीने वर्गात घ्यावा, असे मी ठरविले आहे. त्या मुलीचा वर्ग तोवर तृतीय वर्षात गेलेला असेल.